नदीलाट कयाकिंग

नदीलाट कयाकिंग हा वेगवान नदीप्रवाहात एकाच जागी उभ्या राहणाऱ्या लाटेवर कयाक तोलून धरण्याचा जलक्रीडाप्रकार आहे. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याने चालवली जाणारी छोटी, अरुंद होडी. समुद्रात लाट पुढे सरकते आणि पाणी जवळपास जागच्या जागी वरखाली होते. नदीत मात्र पाणी पुढे वाहते आणि लाट जागेवर राहते. महाराष्ट्रात खळाळत्या पाण्यातील नौकानयनासाठी रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळची कुंडलिका नदी प्रसिद्ध आहे.

लाटेची निर्मिती

पात्रातील खडक, उंचवटा किंवा अरुंद वाट यांमुळे प्रवाह वेगाने खाली उतरतो. पुढील संथ व खोल पाण्याला मिळताना तो उसळतो आणि लाट उभी राहते. खोल पाण्यातील लाटेचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. जिचा प्रवाहाविरुद्धचा वेग प्रवाहाच्या वेगाइतका असतो, ती लाट स्थिर राहते. या हिशोबाने सेकंदाला २ मीटर वेगाच्या प्रवाहातील स्थिर लाट सुमारे २.६ मीटर, तर ३ मीटर वेगाच्या प्रवाहातील लाट सुमारे ५.८ मीटर लांब असते. लाटेच्या उतारावर गुरुत्वाकर्षण कयाकला प्रवाहाविरुद्ध खाली ओढते आणि वाहते पाणी तिला मागे ढकलते. या दोहोंचा समतोल साधला की कयाक लाटेवर टिकते.

कयाकची रचना

या खेळासाठीच्या कयाकला प्लेबोट म्हणतात. ती साधारण २ मीटर किंवा त्याहून थोडी कमी लांबीची असून बहुधा पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकपासून बनवतात. जुन्या लांब कयाकचे टोक आखूड लाटेच्या खोलगट भागात घुसत असे. आखूड कयाक उताराच्या आतच मावते. तिचा सपाट तळ पाण्यावरून घसरतो, तर धारदार कडा लाटेत रोवून दिशा बदलता येते. टोकांकडे वर वळलेला तळ नाक बुडू देत नाही. मात्र हीच आखूड कयाक संथ पाण्यात हळू चालते आणि सरळ रेषेत ठेवण्यास अवघड जाते.

नव्या कयाकची चाचणी

कयाक निवडताना चालवणाऱ्याचे वजन आणि कयाकचे आकारमान यांचा मेळ महत्त्वाचा असतो. आकारमान कमी पडल्यास कडा सहज पाण्याखाली जातात. जास्त झाल्यास कडा रोवणे कठीण होते. चाचणीची सुरुवात स्थिर पाण्यात होते. बैठक, पायटेकू आणि कमरेजवळच्या गाद्या अंगाबरोबर बसवल्यानंतर उलटलेल्या कयाकमधून बाहेर पडण्याचा व वल्ह्याच्या साहाय्याने ती पुन्हा सुलटी करण्याचा सराव करतात. त्यानंतर प्रवाह आणि काठालगतचे संथ पाणी यांच्या सीमारेषेवर तोल तपासून लहान लाटेकडे वळतात. प्रथम लाटेवर सरळ टिकणे, मग डावी-उजवी वळणे आणि शेवटी गिरक्या असा क्रम असतो.

कुंडलिका नदी

मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून भिरा येथील जलविद्युत केंद्रात सोडले जाते. १९२७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रातून वीजनिर्मितीनंतर बाहेर पडणारे पाणी कुंडलिकेत येते. त्यामुळे कोकणातील बहुतेक नद्या आटतात त्या उन्हाळ्यातही येथे राफ्टिंग व कयाकिंग करता येते. पाणी सोडण्याच्या वेळेनुसार लाटा उठतात आणि ओसरतात.

मुळा नदीचे हे पाणी मूळचे भीमेच्या खोऱ्यातील, म्हणजे पूर्वेकडे वाहणारे आहे. धरणात जमिनी बुडणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह केला होता. हे पाणी पुन्हा पूर्वेकडे द्यावे, अशी मागणीही होत आली आहे. तसे झाल्यास कुंडलिकेचा बारमाही प्रवाह आणि त्यावरील रोजगार यांवर परिणाम होईल.

नाशिक परिसर

नाशिकजवळ गोदावरीवरील गंगापूर धरणाच्या जलाशयात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. स्थिर लाटेला वाहते पाणी लागत असल्याने जलाशयात ती निर्माण होत नाही. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला की रामकुंड परिसरात गोदावरीला पूर येतो आणि दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून पुराचा अंदाज बांधण्याची रीत आहे. या पुरातील उसळणारे पाणी मात्र खेळासाठी योग्य नसते. घाटांच्या पायऱ्या, पुलांचे खांब आणि वाहून येणारी लाकडे यांमुळे माणूस अडकण्याचा धोका असतो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी उलटे फिरणारे पाणी वरून सौम्य दिसले, तरी जीवरक्षक जाकीट घातलेल्या व्यक्तीलाही पुन्हा पुन्हा आत ओढते.

सुरक्षितता

शिरस्त्राण, जीवरक्षक जाकीट आणि कयाकमध्ये पाणी शिरू न देणारे कमरेभोवतीचे आवरण ही आवश्यक साधने होत. लाटेखालची खोली आणि पुढील संथ पाणी आधी पाहून ठेवतात. दोरपिशवी घेतलेला सहकारी काठावर असणे आणि एकट्याने पाण्यात न उतरणे हे या खेळाचे मूलभूत नियम मानले जातात.

हे सुद्धा पहा

कुंडलिका नदी
मुळशी सत्याग्रह
गंगापूर धरण