पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या

मीरा-भाईंदरमधल्या माझ्या सिंधुदुर्गकर मित्रमंडळींनो, गावी जाताना या वेळी पिंगुळीला नक्की थांबा. दादरहून तुतारी एक्सप्रेसने कुडाळला उतरलात की गाव जवळच आहे.

इथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत आला आहे. पातळ, अर्धपारदर्शक चामड्यातून आकृती कापायची, ती रंगवायची आणि दागिन्यांच्या जागी बारीक भोकं पाडायची. पडद्यामागे दिवा लागला की त्या भोकांतून उजेड झिरपतो आणि सीतेच्या गळ्यातला हार खरोखर चमकतो! मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. दागिना घडवायला मणी नाही, सोनं नाही, नुसता प्रकाश.

मण्यांनी सजवलेल्या बाहुल्या दुसरीकडे आहेतच: अमेरिकेतल्या सू या मूळनिवासी लोकांच्या बाहुल्याही कातड्याच्याच, पण त्या मुलांनी हातात घेऊन खेळायच्या. साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून त्यांनी या बाहुल्यांवर नक्षी करत. पुढे नक्षीसाठी युरोपीय व्यापाऱ्यांकडून काचेचे मणी आले.

पुन्हा पिंगुळीकडे वळू: तिथले कलाकार परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यातच ठाकर समाजाच्या कलेचं संग्रहालय उभारलं. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेच्या, जुन्या पोथ्याही तिथे बघा. मुलांना सोबत न्याच.