अशोक सराफ : समोरच्याचं ऐकणारा नट

घणसोली, कोपरखैरणे, खारघर. नवी मुंबईच्या कुठल्याही नोडमध्ये चार अविवाहित पोरं भाड्याचं घर शोधायला निघाली की ब्रोकरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फॅमिली आहे का? डिपॉझिटची तयारी असते, अकरा महिन्यांचा करार मान्य असतो, पण सोसायटीला ‘बॅचलर’ नको असतात. अशा पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मग हटकून एक चेहरा येऊन पडतो. तो अशोक सराफांनी रंगवलेल्या धनंजय मान्यांचा असतो. ‘अशी ही बनवाबनवी’ प्रदर्शित झाला २३ सप्टेंबर १९८८ला, म्हणजे हा चेहरा पाठवणाऱ्या बहुतेकांच्या जन्माच्या आधी. तरीही घर न मिळणाऱ्या माणसाची व्यथा सांगायला त्यांना अशोक सराफच लागतात.

गोष्ट पुण्यातली. लीलाबाई काळभोर आपल्या घरात फक्त जोडप्यांनाच भाडेकरू म्हणून ठेवतात, म्हणून चार मित्रांपैकी दोघं साड्या नेसून बायका होतात. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटावरून ही कल्पना घेतली होती. मूळ चित्रपट आज फारसा कुणाला आठवत नाही. वसंत सबनीसांच्या लेखणीतून आणि सचिन पिळगावकरांच्या दिग्दर्शनातून उतरलेला मराठी अवतार मात्र संवादासकट पाठ असलेली माणसं घराघरांत सापडतात.

या चित्रपटात सगळ्यांत कमी ‘विनोदी’ दिसणारं पात्र धनंजय मान्यांचं आहे, हे सहसा लक्षात येत नाही. साडी लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन नेसतात. चिडचिड सुधीर जोशींच्या विश्वास सरपोतदारांच्या वाट्याला आली आहे. मान्यांकडे काम आहे ते सगळा बनाव सांभाळण्याचं. ते खोटं बोलतात, ते अंगाशी येतं, आणि ते निस्तरायला दुसरं खोटं शोधेपर्यंतचा जो अर्धा क्षण असतो, त्यात सराफांचा खरा अभिनय आहे. औषधासाठी म्हणून सरपोतदारांकडून घेतलेल्या सत्तर रुपयांचा प्रसंग पाहावा. औषध आणून देणारा मित्र वारल्याची बातमी माने ज्या सुतकी आवाजात देतात, त्याच आवाजात ते पैसेही वारल्याचं सांगतात. आवाज चढत नाही, डोळा मारला जात नाही, प्रेक्षकाकडे बघून ‘कसं फसवलं’ असा भाव येत नाही. त्यामुळे सगळा हशा जातो सरपोतदारांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे. आपल्या वाक्यावर दुसऱ्याला हशा मिळवून द्यायला मन मोठं लागतं आणि हिशेबही पक्का लागतो.

हा हिशेब त्यांनी रंगभूमीवर शिकलेला आहे. ४ जून १९४७ला मुंबईत जन्मलेल्या या मुलाचं नाव अशोक कुमारांवरून ठेवलं गेलं आणि बालपण गेलं ते चिखलवाडीत. मामा गोपीनाथ सावकार नाटकवाले. त्यांच्याचमुळे ‘ययाती आणि देवयानी’मधला विदूषक अशोक सराफांच्या वाट्याला आला. पुढे कित्येक वर्षं त्यांनी स्टेट बँकेतली नोकरी सांभाळत नाटकं केली. विजया मेहतांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हमीदाबाईची कोठी’सारख्या गंभीर नाटकातही ते होते. ज्यांनी त्यांना फक्त पडद्यावर पाहिलं, त्यांना हे नाव ऐकून आश्चर्य वाटतं. वाटायचं कारण नाही.

टायमिंग म्हणजे नेमकं काय, हे वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखादा विनोदी प्रयोग पाहिला तरी समजतं. वाक्यावर हशा उठतो, वर चढतो आणि ओसरू लागतो. पुढचं वाक्य तो पुरता विरायच्या आत, पण ऐकू जाईल इतपत खाली आल्यावर टाकावं लागतं. घाई केली तर वाक्य हशात बुडतं, उशीर झाला तर प्रयोग थंडावतो. शिवाय प्रत्येक गावाचा, प्रत्येक प्रयोगाचा हशा वेगळा. चित्रपटाच्या सेटवर तर प्रेक्षकच नसतो. न आलेल्या हशाची लांबी तिथे मनातल्या मनात मोजून तेवढी जागा सोडावी लागते. सराफांच्या चित्रपटांत भरल्या थिएटरातही पुढचं वाक्य सहसा हरवत नाही, ते या मोजमापामुळे.

‘जानकी’ (१९६९) आणि ‘दोन्ही घरचा पाहुणा’ (१९७१) या सुरुवातीच्या चित्रपटांनी त्यांना फारसं काही दिलं नाही. नाव झालं ते १९७५च्या ‘पांडू हवालदार’मुळे. दादा कोंडके ऐन भरात होते, आणि त्यांच्यासमोर उभं राहून लक्षात राहणं भल्याभल्यांना जमत नसे. सराफांचा इरसाल सखाराम हवालदार लक्षात राहिला, कारण त्यांनी दादांशी स्पर्धाच केली नाही. दादा शब्दांचे फटाके फोडत होते, तेव्हा हे नजरेने काम करत होते. दोन वर्षांनी ‘राम राम गंगाराम’मध्ये म्हमद्या खाटीक झाले, आणि त्या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं धबडग्याची. रंजनाबरोबर ‘गोंधळात गोंधळ’ आणि ‘बिनकामाचा नवरा’ केले. रंजना हजरजबाबी, तिचा वेग जबरदस्त, आणि तिच्यासमोर सराफ मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहिलेले दिसतात. मराठी पडद्यावरच्या विनोदी जोड्यांत ही जोडी आजही वरचीच म्हणायला हवी. ‘एक डाव भुताचा’मध्ये ते भूत झाले आणि दिलीप प्रभावळकर मास्तर. तिथेही भुताने घाबरवण्यापेक्षा लळाच जास्त लावला.

मग आला महेश कोठारेंचा ‘धुमधडाका’ (१९८५), ‘प्यार किये जा’ या हिंदी चित्रपटावर बेतलेला. त्यात सराफ म्हातारा यदुनाथ जवळकर बनून शरद तळवलकरांच्या धनाजीराव वाकडेंना गंडवतात. हातात पाइप, आणि प्रत्येक झुरक्यानंतर ती प्रसिद्ध खोकल्याची उबळ. ही उबळ लिहिलेली नव्हती. पाइप ओढताना खरोखरच ठसका लागला आणि त्यातून ती सुचली, असं सराफांनीच सांगितलं आहे. ठसका कुणालाही लागू शकतो. तो पात्राच्या स्वभावाचा भाग करून चित्रपटभर पुरवणं, तेही दर वेळी थोडं बदलून, याला नट लागतो. ‘गंमत जंमत’मध्ये (१९८७) पैशासाठी श्रीमंत मुलीला पळवून नेणाऱ्या दोन मित्रांपैकी एक ते होते. तिथला त्यांचा फाल्गुन एका क्षणी कट रचतो आणि पुढच्याच क्षणी त्याला घाम फुटतो.

लक्ष्मीकांत बेर्डेंबरोबरची जोडी याच काळातली. दोघांची जात वेगळी. बेर्डे शरीर झोकून देत, चेहऱ्याचा कण न् कण वापरत. सराफ त्यांना मैदान मोकळं करून देत. साडी नेसलेल्या बेर्डेंची बायको म्हणून ओळख करून देताना मान्यांच्या तोंडून लिंगाचा घोळ होतो, तो प्रसंग दोघांचा मिळून आहे. एकाच्या जिभेची घसरण आणि दुसऱ्याची लाजण्याची धडपड यांतलं एक काढलं तर दुसरं पडतं. डिसेंबर २००४मध्ये बेर्डे गेले आणि ही जुगलबंदी संपली.

त्या वर्षांत बरेच चित्रपट घाईत उभे राहिले, हेही म्हटलं पाहिजे. वेषांतर, पळापळ आणि शेवटी सगळ्यांची मारामारी हा साचा इतका वापरला गेला, की काही पटकथांमध्ये पाहण्यासारखं एकटे सराफच उरले. मराठी निर्मात्यांनी त्यांच्यातला विनोदवीर पिळून घेतला आणि गंभीर नटाकडे मोजक्याच वेळा पाहिलं.

पण त्या मोजक्या वेळा मोलाच्या आहेत. ‘चौकट राजा’त (१९९१, दिग्दर्शक संजय सूरकर) प्रभावळकरांचा मतिमंद नंदू सगळ्यांचं लक्ष वेधून घेतो, ते योग्यच आहे. पण त्या चाळीतला गणा, नंदूला माणूस म्हणून वागवणारा आणि त्याची थट्टा न करता त्याच्याबरोबर हसणारा, तो सराफांनी केला. नंदूची कीव वाटण्याऐवजी त्याच्याशी मैत्री करावीशी वाटते, त्याचं निम्मं श्रेय गणाला आहे. ‘वजीर’मध्ये (१९९४) विक्रम गोखले आणि अश्विनी भावेंसमोर ते राजकारणी होऊन उभे राहिले. ज्या शांतपणामुळे माने विनोदी वाटतात, तोच शांतपणा इथे धोकादायक वाटतो.

हिंदीत ते ‘करण अर्जुन’चे मुन्शी आणि ‘सिंघम’चे हेड कॉन्स्टेबल सावळकर म्हणून ओळखले गेले. सखाराम हवालदारानंतर छत्तीस वर्षांनी पुन्हा खाकी. मोठ्या हिंदी चित्रपटांनी त्यांना कमीच जागा दिली. ती दिली दूरचित्रवाणीने. झी टीव्हीवर १९९५मध्ये सुरू झालेल्या ‘हम पाँच’मध्ये पाच मुली, दुसरी बायको आणि भिंतीवरच्या फ्रेममधून बोलणारी पहिली बायको (प्रिया तेंडुलकर), या सगळ्यांच्या मधोमध आनंद माथुर सापडलेले असत. सगळं घर बोलतं आहे आणि एक माणूस ऐकतो आहे, अशी भूमिका त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखी होती.

पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी काम थांबलेलं नाही. निर्मिती सावंत यांच्याबरोबर ‘व्हॅक्यूम क्लीनर’ हे नाटक केलं. रितेश देशमुखच्या ‘वेड’मध्ये (२०२२) ते नायकाचे वडील होते. राज्य शासनाचा २०२३चा महाराष्ट्र भूषण पुरस्कार त्यांना फेब्रुवारी २०२४मध्ये वरळीत दिला गेला आणि २०२५मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सन्मान उशिरा आले असं अनेकांना वाटलं, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. विनोदी नटाला हलका नट समजण्याची खोड आपल्याकडे जुनी आहे.

‘बनवाबनवी’ टीव्हीवर पुन्हा लागेल, आणि तो लागतोच, तेव्हा एकदा साडीतल्या पार्वती आणि सुधाकडे न बघता फक्त धनंजय मान्यांकडे बघावं, विशेषतः ते गप्प असतील तेव्हा. आणि पुढच्या मोकळ्या रविवारी ‘वजीर’ लावावा. ज्यांनी आजवर फक्त ‘अशोकमामा’ पाहिले आहेत, त्यांची तिथे अशोक सराफांशी ओळख होईल.