प्राथमिक शाळेतील व्यायाम आणि आरोग्याच्या सवयी
लेखमाला : शाळा आणि आरोग्य – भाग ४

पहिली ते पाचवीच्या वयात मूल धावणे, उडी मारणे, फेकणे, झेलणे आणि तोल सांभाळणे ही शरीराची मूळ कौशल्ये पक्की करते. या वयात ती रुजली, तर पुढे कोणताही खेळ शिकणे सोपे जाते. म्हणून प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाचे पहिले काम स्पर्धेत जिंकणारे खेळाडू निवडण्याचे नसते. वर्गातले प्रत्येक मूल रोज हलले पाहिजे, हे पाहण्याचे असते.

५ ते १७ वयोगटातील मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. स्नायू आणि हाडे बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस हवा. हा तास सलग मिळण्याची गरज नाही. शाळेपर्यंत झपाझप चालत जाणे, मधल्या सुट्टीतील पकडापकडी, खेळाचा तास आणि संध्याकाळचे अंगणातील खेळ यांची बेरीज तेवढी भरते.

तासाची आखणी

खानदेशातील शिंदखेडा तालुक्यासारख्या ग्रामीण भागात लहान शाळांना दोनच शिक्षक असणे नेहमीचे आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे मैदानावर अनेक इयत्ता एकत्र येतात. अशा वेळी इयत्तेऐवजी उंची आणि ताकद पाहून गट करावेत आणि चौथी-पाचवीच्या मुलांना आळीपाळीने गटप्रमुख करावे. पहिलीतील अनेक मुले घरी अहिराणी बोलतात. त्यांना सुरुवातीच्या सूचना अहिराणीत दिल्या, की ती लवकर मोकळी होतात.

तीस मिनिटांच्या तासात पहिली पाच मिनिटे अंग गरम करण्यासाठी, पुढची दहा एखाद्या कौशल्याच्या सरावासाठी, नंतरची दहा खेळासाठी आणि शेवटची पाच सावकाश चालणे व अंग ताणण्यासाठी ठेवता येतात. लंगडीने एका पायावरचा तोल सुधारतो. खो-खोत झटकन उठणे आणि दिशा बदलणे जमते. लगोरीने नेम साधतो, दोरीवरच्या उड्यांनी हाडांना बळ मिळते, तर लेझमीने ताल आणि दम दोन्ही येतात. ज्या खेळात बाद झालेले मूल बराच वेळ कडेला बसून राहते, तो बदलून घ्यावा. विषामृतात ‘विष’ मिळालेल्या मुलाला सोबत्याने ‘अमृत’ दिले की ते लगेच पुन्हा धावू लागते, म्हणून हा खेळ लहानांसाठी विशेष चांगला.

आसनांची शास्त्रीय तपासणी करणारे स्वामी कुवलयानंद खानदेशाला जवळचे. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करण्यापूर्वी ते अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापक होते. लहान मुलांसाठी ताडासन, वृक्षासन यांसारखी सोपी आसने पुरेशी आहेत. श्वास रोखून धरण्याचे प्रकार या वयात टाळावेत.

ऊन आणि पाणी

खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात त्याला तहानेची जाणीव उशिरा होते. मार्चपासून खेळाचा तास सकाळी पहिला घ्यावा, दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांना पाणी प्यायला लावावे आणि दुपारी झाडाखालचे बैठे खेळ घ्यावेत. डोके दुखणे, चक्कर किंवा मळमळ झाल्यास मुलाला लगेच सावलीत आणून ओल्या फडक्याने अंग पुसावे. ते नीट शुद्धीवर असेल, तरच पाणी पाजावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली, तर क्षणाचाही वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

जेवण हाच धडा

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरलेले आहे. जेवणाआधी रांगेत उभे राहून साबणाने वीस सेकंद हात धुणे ही सवय रोज त्याच वेळी घडते, म्हणून ती टिकते. नखे, बोटांमधली जागा आणि मनगट धुण्याचा क्रम मुलांनी एकमेकांना दाखवावा. घरच्या डब्यासाठी दूरच्या महागड्या पदार्थांची गरज नाही. ज्वारी-बाजरीची किंवा कळण्याची भाकरी, तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी आणि केळे यांतून बळ, प्रथिने आणि खनिजे मिळतात. पाकिटातले कुरकुरे मात्र भूक मारतात आणि पोषण देत नाहीत.

५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी दिली जाते. ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्या आगेमागे चहा टाळावा, कारण चहाने लोह कमी शोषले जाते. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी गोळी चावून खायची असते. जंत आणि रक्तक्षय कमी झाला, की मुलाचा खेळातला दमही वाढतो.

दात, झोप आणि मोजणी

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत. दातांना लावली जाणारी मिसरी ही भाजलेल्या तंबाखूची पूड आहे. ती मुलाच्या हाती कधीच जाऊ नये. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. त्यासाठी झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल बाजूला ठेवण्याचा नियम घरातील मोठ्यांनीही पाळावा.

खेलो इंडियाच्या तंदुरुस्ती चाचणीत ५ ते ८ वयोगटासाठी उंची-वजनाच्या प्रमाणाबरोबर एका पायावरचा तोल आणि हाताची चपळाई पाहतात. त्यापुढील वयात ५० मीटर व ६०० मीटर धाव, पोटाचे व्यायाम, जोर आणि लवचीकता मोजतात. या नोंदी वर्षातून दोनदा घ्याव्यात आणि प्रत्येक मुलाची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी. सर्वांसमोर वजन वाचून दाखवू नये. उशिरा का होईना, तोल सांभाळता आलेल्या मुलाचीही तेवढीच दखल घेतली, तर व्यायाम त्याला आयुष्यभर आपला वाटतो.