मगर नसलेली ‘मगर’: थंडीने वाचवलेला कूलासुकस

नावात मगर, शिकारीची पद्धत मगरीसारखी, पण प्राणी मात्र बेडकाच्या गोतावळ्यातला! ही गोष्ट आहे कूलासुकसची.

कूलासुकस म्हणजे नेमकं काय?

सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या नद्यांमध्ये हा उभयचर राहायचा. लांबी अंदाजे ३ मीटर किंवा त्याहून जास्त, डोकं चपटं आणि रुंद, जबड्यात टोकदार दात. मासे किंवा पाण्याजवळ आलेले छोटे प्राणी हे त्याचं खाद्य असावं.

व्हिक्टोरिया राज्यात सॅन रेमोजवळच्या किनाऱ्यावर त्याचे जीवाश्म सापडले. १९९७ मध्ये त्याचं नामकरण झालं. ‘कूला’ हे लेस्ली कूल या संशोधिकेच्या आडनावावरून, तर ‘सुकस’ म्हणजे ग्रीकमध्ये मगर. शिवाय इंग्रजीत ‘कूल’ म्हणजे थंड. ही शाब्दिक कोटीही भारीच, कारण याच्या गोष्टीत थंडीच महत्त्वाची आहे.

मग याचं एवढं कौतुक का?

कूलासुकस ज्या टेम्नोस्पॉंडिल गटातला, त्यातले बहुतेक प्राणी त्याच्या कितीतरी आधीच नामशेष झाले होते. कूलासुकस हा या गटाचा आतापर्यंत सापडलेला शेवटचा शिलेदार. याच्याच कुळातल्या, २० कोटी वर्षांहून जुन्या उभयचरांचे जीवाश्म आपल्याकडे प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातही मिळालेत. तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या एकाच महाखंडाचा भाग होते.

बाकीचे संपले, मग हाच कसा टिकला?

त्या काळी आग्नेय ऑस्ट्रेलिया दक्षिण ध्रुवाजवळ होता. हिवाळ्यात लांबच लांब रात्री आणि कडाक्याची थंडी. मगरींना असं गार पाणी सोसत नाही. उभयचरांचं तसं नाही. जपानमधले महाकाय सॅलॅमँडर आजही थंड नद्यांत राहतात. म्हणजे कूलासुकसला इथे तगडा स्पर्धकच नव्हता, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

पुढे काय झालं?

याच राज्यातल्या त्यानंतरच्या खडकांत मगरींचे अवशेष सापडतात, कूलासुकस मात्र दिसत नाही. हवामान उबदार झालं, मगरी आल्या आणि त्याची जागा गेली, असा अंदाज आहे.

२०२२ मध्ये व्हिक्टोरियाने कूलासुकसला राज्याचं जीवाश्म-चिन्ह म्हणून मान दिला. पण त्याची गोष्ट फक्त जुन्या हाडांची नाही. थंडीच्या भरवशावर जगणाऱ्या प्राण्यांसाठी पाणी जरा कोमट होणंही किती महागात पडू शकतं, हे ती सांगते.