पडणारा आणि पाडणारा

न्यूयॉर्क शहरात जुन्या दुकानांसमोरच्या फुटपाथवर पोलादी दरवाजे आडवे बसवलेले असतात. तळघरात माल उतरवायचा असला की ते उघडतात, एरवी येणारे-जाणारे त्यांच्यावरून चालत जातात. पत्र्याची कड बोटभर वर आलेली असली किंवा बिजागरी सैल झालेली असली, की पाय अडखळायला तेवढे पुरते. २०१३ ते २०१८ या काळात अशा दरवाजांवर, फुटपाथच्या भेगांत आणि खड्ड्यांत चारशेहून अधिक माणसे पडली, किंवा पडल्याचे त्यांनी सांगितले. फेडरल सरकारने भरलेल्या खटल्यात पुढे उघड झाले की त्यातली काही पडलीच नव्हती आणि काही मुद्दाम पडली होती. त्यांना हेरून आणले जात होते. ती अत्यंत गरीब होती, कित्येक व्यसनाधीन होती. काही जण भेटीला आल्यावर आधी खायला मागत, काहींकडे थंडीत पुरेसे कपडेही नसत. त्यांना ठरलेल्या वकिलाकडे आणि ठरलेल्या डॉक्टरकडे नेत आणि शस्त्रक्रिया करून घ्यायला लावत. शस्त्रक्रिया झाली की हाती साधारण हजार-दीड हजार डॉलर पडत, तेही उसने म्हणून. विम्याकडून उकळायच्या रकमेचा एकूण अंदाज होता ३ कोटी १० लाख डॉलरहून जास्त. ढोबळ भागाकार केला तरी माणशी सत्तर हजारांहून अधिक डॉलर होतात. २०२२ मध्ये ज्युरीने या प्रकरणात एका वकिलाला आणि एका अस्थिशल्यविशारदाला दोषी ठरवले.

फुटपाथचे हे प्रकरण आधी सांगायचे कारण असे, की आज तोच संशय न्यूयॉर्कच्या बांधकामांवर घेतला जात आहे. बांधकामांचा विमा उतरवणाऱ्यांनी २०२४ पासून तिथल्या फेडरल न्यायालयात दिवाणी दावे लावले आहेत. त्यासाठी त्यांनी आधार घेतला आहे तो १९७० च्या ‘रिको’ कायद्याचा. मुळात संघटित गुन्हेगारीसाठी केलेल्या या कायद्यात तिप्पट नुकसानभरपाई मागता येते. दाव्यांत मांडलेला साचा असा: मजूर एकटा असताना पडतो, पाहणारा कोणी नसतो, तो ठरावीक वकिलाकडे जातो, ठरावीक दवाखान्यात पोहोचतो आणि मग पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया होते. हे आरोप आहेत, न्यायालयाचे निष्कर्ष नव्हेत. पण त्यांवरून पेटलेल्या वादात एक मागणी वारंवार पुढे येते: न्यूयॉर्कचा ‘स्कॅफोल्ड लॉ’, म्हणजे परांचीचा कायदा, रद्द करा किंवा सैल करा, कारण सगळ्या लबाडीचे मूळ त्यातच आहे. हे निदान चुकीचे आहे असे मला वाटते. ही फसवणूक कायद्याच्या कलमापेक्षा पडणे आणि पैसे मिळणे यांच्या मधल्या जागेवर पोसली जाते, आणि इलाजही तिथेच करायला हवा.

आधी कायदा नीट समजून घेऊ. तो १८८५ चा आहे. शहर उंच वाढू लागले होते आणि परांचीवरून माणसे पडत होती. आज श्रम कायद्याचे कलम २४० म्हणून तो ओळखला जातो. उंचीवर काम करणाऱ्याला योग्य शिडी, परांची, दोर किंवा पट्टा दिला नाही आणि त्यामुळे तो पडला, तर मालक आणि मुख्य कंत्राटदार पूर्णपणे जबाबदार, असे तो सांगतो. मजुराचाही थोडा निष्काळजीपणा होता, अशी सबब चालत नाही. स्वतः कामात लक्ष न घालणाऱ्या एक-दोन कुटुंबांच्या घरमालकाला सूट आहे. शिवाय अपघाताला फक्त मजूरच कारणीभूत होता, म्हणजे साधन हाताशी असून आणि वापरायला सांगूनही त्याने ते विनाकारण वापरले नाही, असे सिद्ध झाले तर दावा टिकत नाही. स्वतःच्या थेट मालकावर मजुराला सहसा दावा लावता येत नाही. त्याच्याकडून फक्त कामगार भरपाई मिळते, म्हणजे औषधोपचार आणि पगाराचा काही हिस्सा. मोठी रक्कम मागायची ती जागेचा मालक आणि मुख्य कंत्राटदार यांच्याकडे. एकदा जबाबदारीचा निकाल मजुराच्या बाजूने लागला, की भरपाईचा आकडा ठरण्याआधीच त्यावर शेकडा ९ दराने व्याज चढू लागते. विमा कंपनीने लढत बसावे की तडजोड करावी, हा हिशेब या मीटरमुळे बदलतो. खोटा दावाही ‘देऊन मोकळे होऊ’ म्हणून निकालात निघू शकतो, आणि अशा प्रत्येक तडजोडीने काळ सोकावतो. कायद्याच्या विरोधकांचे एवढे म्हणणे खरे आहे.

पण मूळ कायद्यात असते, तर जिथे असा कायदा नाही तिथे ही लबाडी फोफावली नसती. फुटपाथच्या प्रकरणात परांची नव्हती आणि कलम २४० चा संबंधही नव्हता. ते साधे निष्काळजीपणाचे दावे होते आणि त्यांत मजुराच्या जागी कोणीही वाटसरू चालत होता. दुसरे उदाहरण लुइझियानाचे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर मालवाहू ट्रकांवर मुद्दाम गाड्या आदळवण्याचे प्रकार वर्षानुवर्षे चालले. आदळवणाऱ्या चालकांना ‘स्लॅमर’ असे खास नावही पडले होते. तिथेही वकील होते आणि दाव्याची किंमत वाढवण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियाही होत्या. साठहून अधिक लोकांवर आरोप ठेवले गेले आणि २०२० मध्ये तपासाला मदत करणाऱ्या एका साक्षीदाराचा खून झाला. एकीकडे फुटपाथ, दुसरीकडे ट्रक. कायदा वेगळा, जागा वेगळी, पण यंत्र तेच.

हे यंत्र चालते कसे, ते पाहण्यासाठी मणक्याच्या एमआरआयचे उदाहरण पुरेसे आहे. मणक्यांमधल्या चकत्या वयाबरोबर झिजतात आणि ही झीज चित्रात दिसते. पाठ अजिबात दुखत नसलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांमध्ये अशी झीज आढळली. म्हणजे वीस वर्षे सिमेंटची पोती उचललेल्या कोणालाही यंत्रात झोपवले, तर दाखवण्याजोगे काहीतरी सापडण्याची शक्यता मोठी. ते कालच्या पडण्याने झाले की विसाव्या वर्षापासून चालले आहे, हे चित्र सांगत नाही, डॉक्टर सांगतो. शस्त्रक्रिया झाली की दाव्याची किंमत एकदम वर जाते, कारण दुखणे वादाचे असले तरी कण्यात बसवलेले स्क्रू वादाचे नसतात. शस्त्रक्रियेचा खर्च मजुराकडे नसतो. तो देणारी कंपनी दाव्यातल्या वाट्यावर पैसे लावते. दावा हरला तर परतफेड नाही, म्हणून याला सहसा कर्ज धरले जात नाही आणि व्याजाच्या कायदेशीर मर्यादेतून ते निसटते. वकिलाची फी बहुधा मिळणाऱ्या रकमेच्या एक तृतीयांश असते. प्रामाणिक दाव्यातही हीच माणसे हेच काम करतात. मात्र ती एकमेकांशी बांधली गेली, की रुग्णाला शस्त्रक्रियेची गरज आहे का हा प्रश्न विचारण्यात कोणाचाच फायदा उरत नाही. या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग म्हणजे पडणारा माणूस.

यावर उलटा आक्षेपही आहे. कामगार संघटना विचारतात, विमा कंपन्यांच्या तक्रारींवर एवढा विश्वास का ठेवायचा? हप्ते वाढवायला आणि कायदा मोडीत काढायला ‘बनावट अपघात’ हे उत्तम निमित्त आहे. या शंकेत तथ्य आहे. २०१४ मध्ये या कायद्याच्या खर्चावर गाजलेला एक अभ्यास कायद्याला विरोध करणाऱ्या गटाच्या पैशातून झाला होता. पडणे तर नक्कीच खोटे नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत बांधकामावर १,०७५ कामगार मेले आणि त्यांतले ४२१ पडून, घसरून किंवा अडखळून. या कामांवर मोठ्या संख्येने राबतात ते लॅटिन अमेरिकेतून आलेले लोक, आणि त्यांतल्या अनेकांकडे कागदपत्रे नसतात. पट्टा मागितला तर उद्या कामावर येऊ नको असे ऐकावे लागण्याची भीती त्यांना असते. अशा मजुरालाही बुडालेल्या मजुरीची भरपाई मागता येते, असे न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. म्हणून थोड्यांच्या लबाडीपायी कायदा सैल करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे होईल. पण लबाडी नाहीच, असे म्हणणेही मजुराच्या हिताचे नाही. बनावट दावे वाढले की खऱ्या जखमी माणसाकडेही संशयाने पाहिले जाते, आणि वाढलेला हप्ता परवडत नाही म्हणून आधी बुडतो तो छोटा कंत्राटदार.

मग करायचे काय? शस्त्रक्रियेसाठी पैसे कोणी लावले आणि त्याचे वकिलाशी किंवा दवाखान्याशी काय नाते आहे, हे न्यायालयासमोर उघड करणे सक्तीचे हवे. एकाच वकिलाचे, एकाच डॉक्टरचे आणि एकाच शस्त्रक्रियेचे दावे पुन्हा पुन्हा दिसले, तर तपास त्या त्रिकुटापासून सुरू व्हावा. काही जण म्हणतील, अशाने बिनपैशाच्या खऱ्या रुग्णाचा उपचार अडेल. तो अडू नये म्हणूनच ही सोय बंद न करता फक्त उजेडात आणायची आहे. प्रामाणिक डॉक्टरला आपले बिल कोण भरते हे सांगण्यात अडचण नसावी. पडणाराही दोषी नाही का? आहे. खोटी शपथ घेणारा गुन्हेगारच. मात्र त्याला पकडून थांबले तर दुसऱ्या दिवशी दुसरा भुकेला माणूस सापडतो. नवा शल्यविशारद किंवा नवा वकील तितक्या सहज सापडत नाही.

आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासूनच मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, तेव्हा चूक न पाहता भरपाई देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. लबाडीही परकी नाही. उत्तर प्रदेशात रस्ते अपघातांच्या बनावट दाव्यांसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमले. २०२१ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गाजले, तेव्हा अनेक वकिलांना निलंबित करावे लागले. भरपाईचा हक्क मात्र कोणी काढून घेतला नाही. न्यूयॉर्कलाही तोच मार्ग मोकळा आहे. फुटपाथच्या खटल्यात सरकारने त्या पोलादी दरवाजांचा किंवा निष्काळजीपणाच्या कायद्याचा पिच्छा पुरवला नाही. माणसांना तिथे कोण आणते, शस्त्रक्रियेच्या टेबलावर कोण नेते आणि पैसा कोणाच्या खिशात जातो, याचा माग काढला. परांचीखाली पडलेल्या मजुराच्या बाबतीतही तपास याच तीन प्रश्नांपासून सुरू व्हायला हवा.