बुलडोझरवरील वंगणाचा चिखल

बांधबंदिस्तीच्या कामाहून परतलेल्या बुलडोझरवर वंगण-मातीचा जाड थर चढलेला असतो. तो लोखंडाचें रक्षण करतो, असें कित्येक शेतकरीबंधूंस वाटतें. आमच्या मतें ही समजूत नुकसानीची आहे. वंगणांत मिसळलेली माती सांध्यांत शिरून कानशीप्रमाणें पिना व बुश झिजविते. थराखालीं तेलगळती लपते. रेडिएटर कोंदल्यास एंजिन तापतें. आणि तापलेल्या नळीजवळ हा मळ पेट घेऊं शकतो.

सफाईपूर्वीं पातें जमिनीवर टेकवावें, एंजिन निवूं द्यावें, बॅटरीची तार सोडावी व हवा ओढणारें तोंड झांकावें. प्रथम थर लांकडी पट्टीनें कोरडाच खरवडावा. नंतर ग्रीस काढण्याचें, पाण्यांत मिसळणारें द्रावण लावून सुमारें १० मिनिटें थांबावें. तें वाळूं देऊं नये. मग ब्रशानें घासून बेताच्या धारेनें धुवावें. पेट्रोल मुळींच वापरूं नये. जोराच्या फवाऱ्यानें सीलांतून पाणी आंत जातें व रेडिएटरचे पातळ पत्रे वाकतात. यंत्र वाळल्यावर सांध्यांत नवें वंगण भरण्यास विसरूं नये.

एक गोष्ट आम्ही आग्रहानें सांगतों : धुण्याची जागा विहीर व ओढा यांपासून दूर असावी आणि खरवडलेला मळ डब्यांत भरावा. तेल उतरलेलें पाणी माणसांच्या व गुरांच्या उपयोगाचें राहत नाहीं.