अकरावींत गणित घ्यावें कीं जीवशास्त्र?

दहावीचा निकाल लागतो तो नेमका नांगरट उरकून बी-खतांची जुळवाजुळव चालू असतांना. बियाणें घेतांना आपला शेतकरी चार ठिकाणीं विचारतो, पिशवीवरील तारीख वाचतो. पण मुलाच्या अकरावीच्या अर्जावर विषय लिहिण्याचें काम शेजारच्या मुलानें काय लिहिलें तें पाहून उरकलें जातें. आमचें स्वतःचें शिक्षण मराठी शाळेंत सातवीपर्यंतचें. तथापि महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रवेशाच्या दिवसांत उत्पन्नाचे दाखले व सातबाऱ्याचे उतारे यांसाठीं धांवणारे पुष्कळ पालक आम्हीं पाहिले, आणि कागद सारे असून विषय चुकल्यामुळें परत फिरलेलेही पाहिले.

आमच्या घरींही तेंच घडलें. आमच्या पुतण्याच्या दारीं सहा गाई. त्याला गुरांचा डॉक्टर व्हावयाचें होतें. त्यानें विज्ञान शाखा घेतली खरी, परंतु जीवशास्त्रांत आकृत्या फार काढाव्या लागतात म्हणून तें सोडून त्या जागीं भूगोल घेतला. आम्हांसही त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. गणित आहे ना, मग झालें, असें आम्ही म्हणालों. बारावीनंतर कळलें कीं पशुवैद्यकाच्या पदवीस जीवशास्त्रावांचून प्रवेशच नाहीं. त्यासाठीं ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते, व तिचे निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राचे. तो विषय पुन्हा घेऊन बसण्यांत मुलाचें एक वर्ष गेलें, आणि शिकवणीच्या फीपायीं एक दुभती गाय विकावी लागली.

कृषि पदवीची गोष्ट थोडी वेगळी आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांच्या बी. एस्‌सी. (कृषि) या चार वर्षांच्या अभ्यासक्रमास विज्ञान शाखेची बारावी लागते. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र हवेंच. तिसरा विषय गणित असो वा जीवशास्त्र. राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेचेही तसेच दोन गट आहेत. यावरून कांहींही घेतलें तरी चालतें असा समज होतो. कृषीपुरता तो बरोबर आहे. पण कृषीस जागा न मिळाली तर काय, हें त्यांत राहून जातें. जीवशास्त्र सोडलें तर पशुवैद्यक गेलें. गणित सोडलें तर कृषि अभियांत्रिकी, म्हणजे अवजारें, ठिबक, शेततळीं, बांधबंदिस्ती यांची विद्या, गेली. सबब कृषीकडे जाऊं इच्छिणाऱ्या मुलाचा हा तिसरा विषय कृषीवरून न ठरवितां त्याच्या दुसऱ्या पसंतीवरून ठरवावा, असें आमचें मत झालें आहे.

दोन्ही विषय एकत्र घेण्याचीही सोय आहे. ज्याचें गणित बरें आहे त्यानें ती अवश्य घ्यावी. कच्च्या मुलावर मात्र बापाच्या हौसेखातर दोन्ही ओझीं लादूं नयेत.

शिवाय पुढें शेतीशास्त्रांत दोन्हींची गरज पडतेच. कीड, रोग, वाणांचे संकर हें सारें जीवशास्त्र. पण दोन वाफ्यांच्या उत्पन्नांतील फरक वाणाचा कीं योगायोगाचा, हें आंकडेशास्त्रच सांगतें. युरियांत ४६ टक्के नत्र असतें. एकरीं ४० किलो नत्र द्यावयाचें तर युरिया सुमारें ८७ किलो, म्हणजे ४५ किलोंचीं जवळजवळ दोन पोतीं, हा हिशेब रसायन व गणित मिळून होतो. २०१६-१७ च्या सुमारास देशभर लागू झालेल्या कृषि पदवीच्या अभ्यासक्रमांत तर जीवशास्त्र न शिकलेल्यांसाठीं प्राथमिक जीवशास्त्र व गणित न शिकलेल्यांसाठीं प्राथमिक गणित असे पूरक विषयच ठेवले होते.

कला वा वाणिज्य शाखेंतून कृषि पदवीचा हा मार्ग नाहीं. ज्यास सोसायटीचे वा दूध संघाचे हिशेब पाहावयाचे आहेत त्यास वाणिज्यच बरें.

आणखी एक. अकरावीची परीक्षा शाळेंतल्या शाळेंत होते म्हणून मुलें तें वर्ष आळसांत घालवितात. परंतु २०२५ सालापर्यंतच्या सामायिक परीक्षेंत पांचांतील एक भाग प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावरच येत असत.

नियम सालोसाल बदलतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं त्या सालची माहितीपुस्तिका पाहावी, आणि मुलाच्या मनांत असलेल्या प्रत्येक पदवीपुढें कोणते विषय मागितले आहेत तें कागदावर उतरून घ्यावें. पुतण्याची धाकटी बहीण यंदा अकरावीस जात आहे. तिचा तसा कागद आम्हीं तिच्याकडूनच लिहवून घेतला. तिनें दोन्ही विषय धरले आहेत. आकृत्या मात्र तिलाही आवडत नाहींत.